वाहिलेल्या फुलाचा पराग

शुक्रवार, ५ मे २०२३. पहाटे पाच वाजून वीस मिनिटं.

फुलं नाहीत! चारही नाहीत!

दिवा लावून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. पडवीत फणसाची फळी टांगलेली आहे, फळीला बिलगलेलं झाड आहे, काड्या जागच्या जागी आहेत. पण जिथे काल झोपायला जाताना चार जांभळट फुलं मान खाली घालून लोंबत होती, तिथे आता चार हिरवे देठ. नखानं अलगद खुडलेले. ओरबाडलेलं नाही, काडी मोडलेली नाही. सवयीचा हात!

नऊ वर्षं सांभाळलंय हे झाड. वेसाकचं ऑर्किड. वैशाख पौर्णिमेच्या आसपास फुलतं, म्हणून ते नाव. रोपवाटिकेतून बाटलीतलं बोटभर रोप आणलं होतं. आधी नारळाच्या सोडणावर बांधलं, सगळे बांधतात तसं, आणि सोडण कुजून निम्मी मुळं काळी पडली. मग फणसाची फळी. मग पावसाचं साठवलेलं पाणी, तेही फक्त सकाळी. माती नाही, कुंडी नाही, खताचं नाव नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "इमेल्डा मिस, या वाळक्या काटक्या कशाला टांगल्यात? चुलीला द्या की." आणि परवा बुधवारी त्याच काटक्यांवर पहिली फुलं! जिल्हा न्यायालयातली निवृत्त लघुलेखिका, वय अडुसष्ट, पडवीत एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होती. कुणी पाहिलं असतं तर पेन्शन बंद केली असती.

आणि ही फुलं नुसती बघायची नव्हती. पराग उद्या अगलवत्तेला न्यायचा होता. तिथे वेत्तसिंह राहतात, सगळे त्यांना मानानं महत्तया म्हणतात. रबराच्या मळ्यावर कंपाउंडर होते, आता घरी असतात. त्यांच्याकडे असंच एक झाड आहे. गेल्या वर्षी पुष्पप्रदर्शनात भेट झाली, तेव्हापासून फोनवर वाद चालू आहेत. या झाडाला स्वतःचाच पराग चालत नाही. त्यांनी दोन वर्षं करून पाहिलं, फूल पिवळं पडून गळतं. दुसरं झाड लागतं. आणि दुसरं झाड आहे कुठे? इकडच्या रानात आता शोधूनही मिळत नाही. त्यांची बाकीची फुलं मंगळवारच्या पावसात गळली. एक उरलंय. एक! तेही चार दिवसांचं पाहुणं.

मी म्हणाले होते, गुरुवारीच येते. ते म्हणाले, "फूल जरा पिकू द्या, मिस. शनिवारी या." शनिवारी! आता शनिवारी काय, देठ घेऊन येऊ?

कुणी केलं ते मला माहीत आहे. आज वेसाक, बुद्धपौर्णिमा. पहाटेपासून अख्खी गल्ली पांढऱ्या कपड्यांत तबकं घेऊन विहाराकडे चालली आहे. आणि आमच्या मतुगम गावात विहारासाठी फुलं खुडताना कुणी कुणाला विचारत नाही. ती चोरीच समजत नाहीत! फाटकाची आतली कडी बाहेरून हात घालून काढता येते हे एकाच बाईला ठाऊक आहे. शेजारची सोमावती.

निघाले. चहा परत आल्यावर.

त्याच दिवशी, दुपारी. उभ्या उभ्या लिहिते आहे.

सोमावती विहाराच्या पिंपळाखाली पांढरी साडी नेसून बसली होती. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर अशी शांती, की बघूनच माझं डोकं फिरलं.

"माझी फुलं कुठायत?"

एक डोळा उघडला. "अक्का, मी आज अष्टशील घेतलंय."

"मी काय विचारलं?"

"तेच तर सांगते. शील घेतलंय, खोटं बोलता येत नाही. मीच खुडली."

"न विचारता!"

"बुद्धाच्या फुलाला विचारतात होय? तुमच्या घरचं फूल, अर्धं पुण्य तुमचं. तसं मनात म्हणूनच वाहिलं."

"मी कॅथलिक आहे, बाई! तुझं अर्धं पुण्य मी ठेवू कुठे?"

"ठेवा कुठेही. नासत नाही ते." मग जरा खालच्या आवाजात, "अक्का, आज मला भांडताही येत नाही हो. उद्या सकाळी येते ना मी. सावकाश भांडू."

आसपासच्या बायका माना खाली घालून हसत होत्या. शीलात हसायला परवानगी आहे वाटतं.

मग मी तिला परागाचं सांगितलं. अगलवत्तेच्या एका उरलेल्या फुलाचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मला कुठे माहीत, अक्का? मला वाटलं, वेसाकचं फूल वेसाकला नाही वाहायचं तर कधी?" यावरचं उत्तर वकिलाकडे असतं. वकिलाकडे असतं.

आत फुलांच्या ओट्यावर चाफा, कमळं, तगर, उदबत्तीचा धूर. आणि कडेच्या तबकात माझी चार! वाहताना फुलांवर पाणी शिंपडायची रीत, म्हणून चारही न्हालेली. मी हात पुढे केला. सोमावतीनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"वाहिलेलं फूल परत घेत नाहीत!"

"माझं आहे!"

"होतं!"

तेवढ्यात मोठे भंते आले. ऐंशीच्या घरातले, चालताना भिंतीला हात लावून. "काय झालं, अम्मा?" मी सगळं सांगितलं, साक्ष नोंदवावी तसं, क्रमानं. त्यांनी शांतपणे ऐकलं. न्यायाधीश इतकं ऐकत नाहीत.

"म्हणजे तुम्हाला फूल हवंय."

"फूल नको. फुलाच्या मधोमध एक टोपी असते, तिच्याखाली पिवळ्या गोळ्या असतात. मोहरीपेक्षा बारीक. त्या हव्यात."

भंते सोमावतीकडे वळले. "त्या गोळ्या तू वाहिल्यास?"

"मला त्या आहेत हेच माहीत नव्हतं, भंते."

"मग वाहिल्या कशा म्हणायच्या?" ते माझ्याकडे वळले. "अम्मा, आत्ता इथे एखादी मधमाशी आली, या फुलावर बसली, आणि जाताना पायाला काही चिकटवून घेऊन गेली, तर मी झाडू घेऊन तिच्यामागे धावेन का?"

"नाही धावणार."

"झालं तर. फूल उचलायचं नाही, तबकातून हलवायचं नाही. मधमाशी जेवढं नेते तेवढंच न्यायचं." आणि जाता जाता, मागे न बघता, "फक्त मधमाशीनं आवाज जरा कमी ठेवावा. लोक ध्यानाला बसलेत."

मी गुडघे टेकले. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अँब्रोझीन आज हयात नाहीत, हे देवाचे उपकार. दुसऱ्याच्या देवापुढे वाकायचं नाही असं त्यांनी आम्हाला पाठ करून घेतलं होतं. पण पराग उभ्यानं निघत नाही, त्याला मी काय करू?

सोमावतीनं खराट्याची एक हीर मोडून आणली, मोबाइलचा उजेड धरला. पहिल्या फुलाची टोपी उचलली. आत पाणी, गोळ्यांचा लगदा. दुसरं फूल. तेच. सोमावती पुटपुटायला लागली, मीही पुटपुटायला लागले. ती पालीत, मी लॅटिनमध्ये. तिसरं फूल कमळाच्या पाकळीखाली होतं. टोपी उचलली — कोरडं! पिवळ्या गोळ्या हिरीच्या टोकाला येऊन चिकटल्या! चौथ्यातूनही निघाल्या! मी जपमाळेची डबी रिकामी केली, आत टिपकागद घातला, गोळ्या ठेवल्या. फुलं होती तिथेच आहेत. एक पाकळीसुद्धा हलली नाही.

सोमावतीला संध्याकाळपर्यंत विहारातून उठता येत नाही. तिचा नवरा हेमपाल त्याची टुकटुक रिक्षा घेऊन फाटकाशी आला आहे. भोंगा वाजवतोय. वाजव!

रात्री, जेवण न करता. (का, ते खाली.)

अगलवत्ता काही लांब नाही. पण वेसाकच्या दिवशी रस्त्यात दानसल, म्हणजे फुकट अन्नदानाचे मांडव असतात, हे मी संतापात विसरले. पहिल्या वळणावरच झेंडे हलवत चार माणसं आडवी. उकडलेला कसावा आणि खोबऱ्याची चटणी.

"खाल्ल्याशिवाय गाडी पुढे नाही, मिस!"

"माझ्याकडे जिवंत पराग आहे!"

"त्यालाही द्या ना थोडं!"

पुढच्या वळणावर साबुदाण्याची पेज. त्याच्या पुढे आइसक्रीम, आणि तिथली रांग पार पुलापर्यंत. हेमपालनं तिन्ही ठिकाणी खाल्लं, मलाही खावं लागलं; रात्रीचं जेवण तिथेच झालं. "पुण्याला नाही म्हणू नये, मिस." मी म्हटलं, तू पुण्य खातोयस आणि टुकटुक तुझा आठवड्याचा पेट्रोलचा कोटा खातेय. तो म्हणाला, "कोटा सोमवारी परत मिळतो. आइसक्रीम वर्षातून एकदा." डबी मी ब्लाउजमध्ये ठेवली होती. नंतर सुचलं, उष्णतेनं बिघडलं तर? मग काढून हातात धरली. मग हाताला घाम. मग डबीवर फुंकर घालत राहिले. आइसक्रीमच्या रांगेतल्या लोकांना वाटलं असेल, बाई प्रार्थना करतेय.

निघताना फोन केला होता, म्हणून वेत्तसिंह महत्तया इस्त्रीचा शर्ट आणि लुंगी अशा थाटात फाटकात उभे.

"उशीर झाला, मिस."

"तुमच्यामुळे! शनिवारी या म्हणे! गुरुवारी आले असते तर मला बुद्धापुढे मधमाशी व्हावं लागलं नसतं!"

ते बाजूला झाले. "आधी फूल," म्हणाले.

एकच फूल. कडा कागदासारख्या पातळ झालेल्या. त्यांनी हीर हातात घेतली. हात थरथरत होता. तीस वर्षं इंजेक्शनं दिलेला माणूस!

"द्या इकडे," म्हटलं. माझा हात थरथरत नाही. फुलाच्या मध्यावर, टोपीच्या मागच्या बाजूला एक चिकट खळगा असतो. पिवळी गोळी तिथे टेकवली, दाबली, हीर सोडवून घेतली. राहिली! खळग्यात बसली!

"मिस," ते म्हणाले, "आता श्वास घ्या."

मी धरून ठेवला होता, मला कळलंच नव्हतं.

त्यांच्या झाडाच्या फळीवर शेवाळ चढलंय. पाणी जास्त घालता, म्हटलं. फोनवर या माणसानं कधी एक मुद्दा सोडला नाही, आज म्हणाला, "बरं. कमी करतो." विचित्र माणूस.

शनिवार, ६ मे.

ठरल्याप्रमाणे सोमावती सकाळी भांडायला आली. दूधभात घेऊन. भांडण जमलं नाही. दूधभात संपला. काड्या मोडल्या नाहीत म्हणून मात्र तिला मनातल्या मनात मार्क दिले. याच जुन्या वाळक्या काड्यांवर पुन्हा फुलं येतात. तसं तिला सांगितलं नाही. शेफारेल.

मंगळवार, ९ मे.

फोन! फूल मिटलं! पिवळं नाही पडलं, गळलं नाही, मिटलं! देठ हिरवागार. वेत्तसिंह महत्तया फोनवर इतके हळू बोलत होते, जणू फूल ऐकेल.

रविवार, १४ मे.

चर्चमधली मास संपल्यावर थेट बस धरली. मिटलेल्या फुलामागे फुगवटा आहे. तांदळाच्या दाण्याएवढा, पण आहे! त्यांच्या भिंगातून पाहिला, माझ्या भिंगातून पाहिला. त्यांचं भिंग चांगलं आहे. तसं मान्य केलं नाही.

रविवार, ११ जून.

माझ्या झाडाला नवी मुळं! टोकाला पोपटी, मागे चांदीसारखी. फणसाच्या लाकडावर सरपटत निघाली आहेत; एक तर फळीची कड ओलांडून मागे काय आहे ते बघायला गेलं. आणि बुडाशी नवा कोंब, मुगाच्या मोडासारखा. किती वेळ बघत उभी होते देव जाणे, भात करपला. या झाडाला कुणी काही दिलं नाही, लाकूड आणि हवा एवढ्यावर ते असं हात-पाय पसरतं. मला सरकारी घर, रेशन आणि महागाई भत्ता असून एवढी हिंमत झाली नव्हती.

दुपारी अगलवत्ता. फळ चण्याएवढं. त्यांच्या फळीवरचं शेवाळ गेलंय.

रविवार, १६ जुलै.

सोमावती बसथांब्यावर भेटली. "कुठे, अक्का?"

"फळ बघायला."

"फळ बघायला पावडर लावून?"

"घाम येतो."

"आणि ते कानातले? फळाला दिसायला?"

हिच्या तोंडाला कायमचं शील लावायला हवं.

फळाला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधली आहे, गोगलगायीपासून. शिवण त्यांची. टाके बघून हसू आलं. उसवून पुन्हा शिवून दिली.

रविवार, २० ऑगस्ट.

अंगठ्याएवढं!! कडांना धारा आल्या आहेत. आम्ही दोघं त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसलो, जसे लोक क्रिकेट बघायला बसतात. काही घडत नव्हतं. दोन तास कसे गेले कळलं नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर.

काढलं!

धारेवर पिवळी रेघ दिसली. उकललं असतं तर सगळं गेलं असतं. आत दाणे नसतात, बी म्हणजे पिठीसारखी धूळ असते, एका झुळकेत संपते. त्यांनी कापलं, मी खाली कागदाचा द्रोण धरला. आज त्यांचा हात थरथरला नाही. माझा थरथरला! म्हटलं, वय झालं. ते म्हणाले, "मिस, मे महिन्यात माझंही झालं होतं."

उद्या दोघं कँडीला. तिथल्या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये पेरतात. तिथल्या बाईंनी आधीच बजावलंय, फार आशा ठेवू नका.

सोमवार, ९ ऑक्टोबर.

बाईंनी फळ हातावर घेऊन तोलून पाहिलं आणि म्हणाल्या, "मी कालचे शब्द परत घेते." एवढंच.

येताना बसमध्ये त्यांनी मला खिडकी दिली. नको म्हटलं. मग बसले. भाताचं पाकीट एकच मिळालं. अर्धं अर्धं केलं. फणसाची भाजी सगळी माझ्याकडे कशी आली, ते लक्षात आलं नाही.

रविवार, १५ ऑक्टोबर.

अगलवत्तेला गेले नाही. फळच नाही, बघायचं काय? माझी फळी उगाचच दोनदा पुसली. सोमावती फाटकातून डोकावली, काही बोलली नाही, गेली. तिचं न बोलणं मला मुळीच आवडत नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर.

रुजलं!!! बाटल्या हिरव्या झाल्यात! प्रयोगशाळेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, "मिस इमेल्डा, मोजता येत नाहीत इतकी आहेत." वाढली की काही पुन्हा रानात, झाडांच्या खोडांवर बांधायची. रानात! आपली!

पायात चप्पल न घालता सोमावतीकडे धावले. ती भांडी घासत होती, मी तिला मिठी मारली, राख माझ्या साडीला.

"अर्धं पुण्य, अक्का! आठवतं?"

"सगळं घे! सगळं घे, बाई!"

मग आठवलं, त्यांना सांगायचं राहिलं. फोन केला. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "उद्या येऊ का? सांगायचं आहे थोडं." काय सांगायचं आहे? फोनवर सांगता येत नाही?

गुरुवार, २३ नोव्हेंबर. सकाळी हेमपालच्या हाती अगलवत्तेला पाठवलेल्या पत्राची नक्कल.

वेत्तसिंह महत्तया,

काल संध्याकाळी माझ्या पडवीत, चहा अर्धा टाकून, तुम्ही जे विचारलंत ते तोंडी होतं. मध्ये दोनदा खोकलात. वाक्य पूर्ण केलं नाहीत, आणि उत्तराची वाट न बघता छत्री विसरून निघून गेलात. तीस वर्षं मी न्यायालयात लोकांचे संसार मोडताना लघुलिपीत उतरवून घेतले. जोडताना एकही नाही. तेव्हा या बाबतीत मी तोंडी काहीही धरणार नाही. तुमचं म्हणणं लेखी, पूर्ण वाक्यात, सहीनिशी, शनिवार, २५ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मला मिळावं.

टपालानं पाठवू नये. छत्री न्यायला तुम्हाला यायचंच आहे.